काळजी सांध्यांपर्यंत कशी पोहोचते?

जानेवारी २०२५मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात ‘जीबीएस’ या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ एक दवाखान्यांत दाखल होऊ लागले. दूषित पाण्यातून पोटात गेलेल्या जंतूंशी लढता लढता शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, हातापायांतलं बळ जातं, काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागतं, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून घरोघरी पोहोचलं. लोक पाणी उकळून पिऊ लागले. पुढे साथ ओसरली. पण आपलं रक्षण करणारी यंत्रणाच कधी कधी आपल्यावर उलटते, ही गोष्ट धायरीतल्या माणसाला आता पहिल्यापासून समजावून सांगावी लागत नाही.

आमवात हा त्याच जातीचा आजार. डॉक्टर त्याला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हणतात, चिठ्ठीवर नुसतं ‘आरए’ लिहितात. जीबीएस काही दिवसांत माणसाला आडवा करतो आणि बहुतेक जण त्यातून उठतात. आमवात सावकाश येतो आणि मुक्काम ठोकतो. सांध्याच्या आतून एक पातळ अस्तर असतं, त्यातूनच सांध्याला वंगण मिळतं. प्रतिकारशक्ती या अस्तरावर धाड घालते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि वेळेत औषध मिळालं नाही तर शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडायला लागतं. बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं, तळपायाचा पुढचा भाग, तेही बहुधा दोन्ही बाजूंना सारखंच. सकाळी मूठ वळत नाही आणि हा ताठरपणा अर्धा तास, तास, कधी त्याहूनही जास्त टिकतो. म्हातारपणी होणारी गुडघ्यांची झीज हा वेगळा आजार. चिकुनगुनिया होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखी आणखी वेगळी. २०२४च्या पावसाळ्यानंतर पुण्यात तिचे रुग्ण पुष्कळ दिसले. म्हणून सांधे धरले की आधी निदान पक्कं करून घेणं फार महत्त्वाचं.

हा आजार किती जणांना असतो, याचं उत्तर पुणे जिल्ह्यानेच देशाला दिलं आहे. १९९६मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि पुण्याच्या ‘सेंटर फॉर रुमॅटिक डिसीजेस’मधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी भिगवण गावात घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाचा तो भाग होता. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या त्या पाहणीत हाडं, स्नायू, सांधे यांचं दुखणं असणारे लोक १८ टक्क्यांच्या आसपास निघाले, आमवाताचे रुग्ण साधारण अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकायला थोडा वाटतो. पण लाखभर प्रौढांच्या वस्तीत ते पाचशे लोक होतात, आणि त्यांत पुरुषांपेक्षा बायका दुपटी-तिपटीने जास्त.

या रुग्णांशी बोलताना एक वाक्य हटकून ऐकायला मिळतं : “टेन्शन घेतलं की उसळतं.” मुलीच्या लग्नाची बोलणी फिसकटली आणि बोटं सुजली. सासूच्या आजारपणात रात्री जागवल्या आणि मनगट धरलं. अशा वाक्यांकडे बराच काळ दुर्लक्ष झालं. रक्तात सापडणाऱ्या घटकांवरून, एक्स-रेवरून ओळखायचा हा आजार, त्यात मनाचा काय संबंध, असा एक विचार. आणि दुसऱ्या बाजूने, “सगळं तुमच्या मनात आहे, टेन्शन सोडा,” असा घरचा आणि कधी कधी दवाखान्यातलाही सल्ला. मला हे दोन्ही चुकीचे वाटतात. गेल्या तीसेक वर्षांतल्या अभ्यासांनी या बायकांचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं ठरवलं आहे. त्यांच्या वाक्यामागे शरीरातली खरीखुरी घडामोड आहे.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स झॉट्रा यांनी १९९०च्या दशकात आमवात असलेल्या स्त्रियांचा आठवड्या-आठवड्याने माग ठेवला. त्या आठवड्यात काय घडलं, कोणाशी बिनसलं, सांधे कसे होते, अशा नोंदी. ज्या आठवड्यात नात्यांतली कटकट वाढली, त्या आठवड्यात आजाराचा जोरही वाढलेला दिसला. ज्यांचं नवऱ्याशी चांगलं जमत होतं, त्यांच्यात मात्र ही वाढ कमी होती. म्हणजे भांडण घरातलं असो वा बाहेरचं, पाठीशी कोण उभं आहे यावर ते सांध्यांपर्यंत किती झिरपतं हे ठरत होतं.

२०१४मध्ये नेदरलंड्समधल्या आन्द्रेया एव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० रुग्णांचा सहा महिने, दर महिन्याला तपासणी करत अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका गोष्टीने मला थांबवलं. ज्या महिन्यात रुग्ण जास्त काळजी करत राहिला, म्हणजे एकच विचार मनात घोळवत राहिला, त्याच्या पुढच्या महिन्यात दुखणं वाढलं होतं आणि सुजलेल्या सांध्यांची संख्याही वाढली होती. सूज डॉक्टर बोटांनी चाचपून मोजतात, रुग्णाच्या सांगण्यावर ती ठरत नाही. रोजच्या कटकटींनी पुढच्या महिन्यात थकवा वाढवला होता. त्याच अभ्यासात कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळचं संप्रेरक आणि दाह वाढवणारी रसायनंही मोजली होती, पण त्या मोजमापांतून या साखळीचा उलगडा झाला नाही. काळजीपासून सुजेपर्यंत एकच सरळ वाट नाही, अनेक वाटा आहेत, असंच यातून दिसतं.

‘टेन्शन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठी संकटं येतात. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरं बुडाली, तसं काहीतरी. अशा प्रसंगी शरीर सगळी ताकद एकवटतं. आमवातात मात्र संशोधकांना पुन्हा पुन्हा दिसलं ते रोजच्या बारीकसारीक, न संपणाऱ्या ताणाचं काम. धायरीत तो शोधायला लांब जावं लागत नाही. २०१७मध्ये धायरीचा उरलेला भागही महापालिकेत आला, इमारती उभ्या राहिल्या, पण टँकरच्या वेळा सांभाळणं सुटलं नाही. धायरी फाट्यापासून कामावर पोहोचायला लागणारा वेळ आधी सांगता येत नाही. राजाराम पुलापासूनचे उड्डाणपूल २०२४ आणि २०२५मध्ये टप्प्याटप्प्याने खुले झाले, तोवर वर्षानुवर्षं लोकांनी त्या कोंडीत रोजचे तास घालवले. घराचा हप्ता, मुलाची फी, गावाकडच्या म्हाताऱ्यांचं आजारपण. आणि या सगळ्यांत बोट दुखत असताना कणीक मळायची, कुकरचं झाकण लावायचं, साडीला पिन टोचायची. पिन टोचणं हे आमवाताच्या बाईला किती अवघड जातं, हे घरातल्या इतरांना कळायला बरीच वर्षं जातात.

आता काळजीपासून सांध्यांपर्यंतच्या त्या वाटा पाहू. पहिली वाट कॉर्टिसॉलची, आणि तिची गोष्ट आमवातानेच जगाला सांगितली आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले डॉ. फिलिप हेंच यांना १९२९च्या सुमारास दिसलं की कावीळ झाली की आमवाताच्या काही रुग्णांची सांधेदुखी चक्क कमी होते. पुढे गरोदरपणातही तसं दिसलं. शरीर स्वतःच एखादं औषध बनवत असावं, असा त्यांनी अंदाज बांधला आणि जवळजवळ वीस वर्षं त्याचा पाठपुरावा केला. सप्टेंबर १९४८मध्ये त्यांनी मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथीतून मिळणाऱ्या एका द्रव्याची इंजेक्शनं आमवाताने खिळलेल्या एका तरुणीला दिली. काही दिवसांत ती चालू लागली. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिसोन. एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांच्यासह हेंच यांना १९५०चं नोबेल पारितोषिक मिळालं. आज स्टिरॉइड म्हणून ज्या गोळ्या मिळतात, त्यांचा उगम इथला.

कॉर्टिसॉल हे याच कुळातलं आणि ते शरीराचं ताणाच्या वेळचं संप्रेरक. भीती, राग, धावपळ अशा वेळी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिच्युटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना निरोप जातो, मग रक्तात कॉर्टिसॉल वाढतं. त्याचं एक काम दाह आटोक्यात ठेवणं. मग ताण आला की आमवात कमी व्हायला हवा! थोड्या वेळच्या ताणात दाहाला आवर घालायचं काम ते करूही शकतं. अडचण येते ती ताण महिनोन्‌महिने चालू राहतो तेव्हा. दारावरची घंटा दिवसभर वाजतच राहिली की घरातलं कोणी उठून दार उघडेनासं होतं. तसं प्रतिकारशक्तीच्या पेशींचं होतं. कॉर्टिसॉल असतं, पण पेशी त्याला जुमानत नाहीत. पिट्सबर्गमधल्या शेल्डन कोहेन यांच्या २०१२मधल्या अभ्यासात २७६ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले होते. दीर्घकाळ ताणात असलेल्यांच्या पेशी कॉर्टिसॉलचं कमी ऐकत होत्या आणि त्यांना सर्दी जास्त झाली. हा अभ्यास आमवाताचा नव्हता, पण दीर्घ ताणात दाहाला लगाम घालणारी यंत्रणा कशी ढिली पडते ते त्यातून स्पष्ट होतं. त्यात आमवाताच्या रुग्णांत मुळातच अंगातल्या दाहाच्या मानाने कॉर्टिसॉल जितकं वाढायला हवं तितकं वाढत नाही.

सकाळच्या ताठरपणाचा धागाही इथेच सापडतो. रात्री कॉर्टिसॉल तळाला असतं. आमवातात इंटरल्यूकिन-६ हे दाह वाढवणारं रसायन पहाटेपर्यंत चढत जातं. पहाटेचं ते चढलेलं रसायन आणि उशिरा येणारा लगाम, यांच्या मधल्या वेळात माणूस अंथरुणातून उठतो आणि मूठ वळत नाही. कॉर्टिसॉल पहाटेपासून वाढत जाऊन उठण्याच्या सुमारास शिखरावर पोहोचतं, मग हळूहळू बोटं सुटतात. याच तालावर बेतलेली, झोपताना घ्यायची आणि पहाटे विरघळणारी स्टिरॉइडची गोळी युरोपात तयार झाली आणि २००८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिची चाचणी प्रसिद्ध झाली. सकाळचा ताठरपणा तिने नेहमीच्या गोळीपेक्षा जास्त कमी केला.

दुसरी वाट मज्जातंतूंची. छातीत धडधड करवणारे मज्जातंतू दाह वाढवणाऱ्या पेशींनाही चाळवतात. याच्या उलट काम करणारा एक लांबलचक मज्जातंतू मेंदूपासून छातीतून पोटापर्यंत उतरतो, त्याला व्हेगस म्हणतात. केव्हिन ट्रेसी या अमेरिकी शल्यविशारदाने २००२मध्ये मांडलं की हा तंतू दाहाला आवर घालणारे निरोप नेतो. २०१६मध्ये १७ आमवात रुग्णांच्या शरीरात छोटं यंत्र बसवून तो तंतू चेतवला, तेव्हा ‘टीएनएफ’ हे दाहाचं मुख्य रसायन कमी झालं आणि आजाराचा जोरही उतरला. यंत्र बंद केल्यावर तो पुन्हा वाढला. २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी अशा एका यंत्राला आमवातासाठी मान्यता दिली. मेंदू आणि सांधा यांच्यात तारा जोडलेल्या आहेत, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा?

तिसरी वाट झोपेची, आणि घरात सगळ्यांत दुर्लक्षित तीच. लॉस एंजेलिसमधले डॉ. मायकल अर्विन यांनी २०१२च्या एका अभ्यासात आमवाताच्या २७ रुग्णांना आणि तितक्याच निरोगी माणसांना एका रात्री अकरा ते तीन जागं ठेवलं. एवढ्या एका रात्रीनेही रुग्णांचं दुखणं वाढलं, दुखऱ्या सांध्यांची संख्या वाढली, थकवा आणि अस्वस्थता वाढली. निरोगी माणसांच्या सांध्यांना तसं काही झालं नाही. रात्री दोनला पाणी येतं म्हणून गजर लावून झोपणाऱ्या बाईला डॉक्टर दुसऱ्या दिवशी तपासतात, तेव्हा त्या रात्रीचा हिशेब कोणी मांडत नाही.

चौथी वाट मेंदूतली. तीच सूज, तोच सांधा, पण मन खचलेलं असेल तर मेंदू त्या वेदनेचे निरोप अधिक तीव्रतेने घेतो. याला नाटक म्हणणं अन्याय आहे. वेदना मेंदूतच जाणवते, दुसरी कुठे जाणवणार? आमवात असलेल्यांत नैराश्य सर्वसामान्यांपेक्षा बरंच जास्त आढळतं. २०१३मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा साधारण १७ टक्के रुग्णांना गंभीर नैराश्य असल्याचं दिसलं. दुखण्याने मन खचतं आणि खचलेल्या मनाने दुखणं वाढतं. यातलं आधी काय झालं, हे रुग्णालाही सांगता येत नाही.

डॉक्टरांच्या टेबलावर हे सगळं कसं उतरतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. आमवाताचा जोर मोजायला ‘डास-२८’ नावाची पद्धत वापरतात. खांदे, कोपरं, मनगटं, हाताच्या बोटांची मुळं आणि मधली पेरं, गुडघे असे २८ सांधे. डॉक्टर प्रत्येक सांध्यावर अंगठ्याने दाबतात, आपल्या नखाचा रंग पांढुरका होईल एवढंच. कळ आली तर तो सांधा दुखरा. मग चाचपून पाहतात, अस्तर मऊ, फुगीर लागलं तर तो सुजरा. रक्तातला दाह दाखवणारा ‘ईएसआर’ पाहतात. शेवटी रुग्णाला शंभर मिलिमीटरची रेघ दाखवून विचारतात : एका टोकाला अगदी छान, दुसऱ्या टोकाला फार वाईट, तर तुम्ही कुठे? या चार आकड्यांतून एक गुण निघतो. २.६च्या खाली आला तर आजार शांत, ५.१च्या वर गेला तर जोरात.

सूत्रात दुखऱ्या सांध्यांना सुजऱ्या सांध्यांच्या दुप्पट वजन आहे. समजा एका बाईचे दोन सांधे दुखरे, एक सुजरा, ईएसआर २० आणि रेघेवरची खूण ३०वर. गुण येतो साधारण ३.६. आता दोन महिने घरात ताण आहे, झोप नाही. सुजरा सांधा तोच एक, ईएसआर तोच २०, पण दुखरे सांधे नऊ झाले आणि रेघेवरची खूण ६०वर गेली. गुण होतो ४.९. एवढी वाढ म्हणजे आजार नक्की बळावला, असं मानायची रीत आहे, कारण १.२हून जास्त फरक महत्त्वाचा धरतात. सुजेत आणि रक्तात मात्र काहीच हललेलं नाही. घाईत नुसता गुण पाहिला तर औषध वाढेल, महागडी इंजेक्शनं सुरू होतील, आणि ज्याच्यावर ती काम करतात तो दाह तर वाढलेलाच नसेल. पुढच्या वेळी पुन्हा “फरक नाही” असं उत्तर येईल.

उलटी चूक याहून वाईट. सांधे खरोखर सुजले आहेत, रक्तात दाह दिसतोय, आणि घरचे म्हणतात, टेन्शनमुळे होतंय, जाईल. आमवातात पहिले महिने फार मोलाचे असतात. त्या काळात मेथोट्रेक्सेटसारखी औषधं नीट सुरू झाली तर हाडांची झीज मोठ्या प्रमाणावर टळते. ताणाची चर्चा ही त्या औषधांच्या जागी येऊ शकत नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. ताण कमी झाला म्हणून कुरतडलेलं हाड भरून येत नाही.

ताणाने औषधांचंही वेळापत्रक बिघडतं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. गडबडीत ते रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं, आणि विसरलं गेलं तर आजार उसळतो. कंटाळून माणूस मग ‘हमखास गुण’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांकडे वळतो. अशा कित्येक पुड्यांत न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं असतं, म्हणूनच दोन दिवसांत जादू वाटते. बाहेरून भरपूर स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतात. पुड्या अचानक बंद केल्या, आणि नेमका तेव्हाच ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया समोर आली, तर शरीराकडे ताण पेलायचं मुख्य साधनच उरत नाही. ज्यांनी असं काही महिनोन्‌महिने घेतलं आहे त्यांनी ते न लाजता डॉक्टरांना सांगावं आणि हळूहळूच कमी करावं.

मग ताणावर इलाज काय? मन आणि सांधे यांच्या नात्याचा एक बोलका पुरावा पुण्यातच नोंदवला गेला आहे. डॉ. अरविंद चोप्रा, भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आमवातावरच्या एका आयुर्वेदिक औषधाची १८२ रुग्णांवर काटेकोर चाचणी घेतली, ती २०००मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. दोन्ही गटांत सुधारणा झाली, आणि बहुतेक मोजमापांत दोन गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याएवढा नव्हता. नियमित तपासणी, कोणीतरी लक्ष देऊन विचारपूस करणं, बरं वाटेल ही आशा, एवढ्यानेही सोळा आठवड्यांत पुष्कळ माणसांना बरं वाटलं. औषधाच्या बाजूने पाहिलं तर ही निराशाजनक गोष्ट. मला मात्र यात आपल्या दवाखान्यांसाठी फार मोठी शिकवण दिसते : विचारपूस हाही उपचाराचा भाग आहे.

१९९९मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या जोशुआ स्मिथ यांच्या अभ्यासात दमा आणि आमवात असलेल्यांना सलग तीन दिवस वीस-वीस मिनिटं आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. चार महिन्यांनी आमवात असलेल्यांच्या आजाराची तीव्रता २८ टक्क्यांनी कमी दिसली. नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा फायदा दरवेळी दिसला नाही. तरी वहीला पैसे पडत नाहीत आणि त्यात धोकाही जवळजवळ नाही. लिहिता लिहिता फारच अस्वस्थ वाटू लागलं तर थांबावं आणि कोणाशी तरी बोलावं.

योगाचं म्हणाल तर दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉ. रीमा दादा आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये ७२ रुग्णांवर केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. सगळ्यांची औषधं चालू होती. एका गटाला आठ आठवडे योगाभ्यास दिला, त्या गटात दाहाची रसायनंही उतरली आणि नैराश्यही. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, लोड, दोर, पट्टे यांच्या आधाराने आसनं करायची जी पद्धत घडवली, ती दुखऱ्या सांध्यांच्या माणसाला विशेष सोयीची. लॉस एंजेलिसमध्ये आमवात असलेल्या २६ तरुणींवर सहा आठवडे तिची चाचणी झाली, तेव्हा त्यांचा उत्साह वाढला, थकवा कमी झाला. सांधे सुजलेले असताना मनगटांवर भार येणारी आसनं मात्र टाळायची, आणि शिकवणाऱ्याला आजाराबद्दल पहिल्याच दिवशी सांगायचं.

ज्यांना झोप उडणं, रडू येणं, कशातच मन न लागणं हे आठवडेच्या आठवडे होतंय, त्यांच्यासाठी मात्र आसनं आणि वही पुरत नाही. नैराश्यावर औषधं आहेत, समुपदेशन आहे, आणि ती आमवाताच्या औषधांबरोबर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतात. सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मानसोपचाराचं नाव काढलं की घरात “आपल्याला काय वेड लागलंय का” असं जे म्हटलं जातं, त्याने कित्येक बायका वर्षंच्या वर्षं अर्धवट उपचारांवर राहिल्या आहेत.

आणि घरच्यांनी काय करावं? झॉट्रांच्या अभ्यासातला नवऱ्याचा मुद्दा इथे कामाला येतो. “टेन्शन घेऊ नकोस” या वाक्याने कोणाचा ताण उतरल्याचं मी पाहिलेलं नाही. सकाळचा पहिला तास तिच्या वाट्याचं काम दुसऱ्या कोणी उचललं, तर उतरतो. टँकरला कोणी उभं राहायचं, डबे कोणी भरायचे, रात्री म्हाताऱ्या माणसासाठी कोणी उठायचं, हे ठरवून वाटून घेतलं तर तिला पहाटेची झोप मिळते. कणीक दुसऱ्याने मळली तर मनगट वाचतं. दुखत असेल त्या दिवशी तिला ते सिद्ध करून दाखवावं लागू नये. सांधा बाहेरून लाल दिसत नसला तरी दुखू शकतो, एवढं घरात एकदा सगळ्यांनी मान्य करून टाकावं.

रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे आमवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे, वेळ थोडा असतो, बाहेर रांग असते. म्हणून जाताना एका कागदावर थोडं लिहून न्यावं : सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो, रात्री किती वेळा जाग येते, कोणते सांधे सुजले आणि कोणते नुसतेच दुखतात, कुठल्या आठवड्यात गोळी चुकली, आणि गेल्या महिन्या-दोन महिन्यांत घरात, नोकरीत काय घडलं. शेवटची ओळ लिहायला संकोच वाटतो, ती मुद्दाम लिहावी. तिच्यावरून डॉक्टरांना ठरवता येतं, की या वेळी दाहाचं औषध वाढवायचं, की आधी झोप आणि मन सावरायचं, की दोन्ही. सूज वाढत असेल, ताप येत असेल, किंवा मेथोट्रेक्सेट चालू असताना तोंडात फोड, कोरडा खोकला, धाप अशी तक्रार सुरू झाली असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा.